अंबुजाक्कांची तहान

अंबुजाक्कांना घरी कधी तहान लागत नाही. ती लागते परगावी, आणि तीसुद्धा कुणा अनोळखी माणसाच्या दारातच.

बस स्टँडवर नळ असतो, कोपऱ्यावर टपरी असते, माझ्या पिशवीत भरलेली बाटली असते. अक्का या कशाकडेही बघत नाहीत. गल्लीत शिरतात, एखादं दार निवडतात, कडी वाजवतात आणि कुणी बाहेर आलं की अत्यंत केविलवाण्या तमिळमध्ये म्हणतात, "अम्मा, थोडं पाणी मिळेल का?" पाणी येतं. अक्का एक घोट घेतात, भांडं हातात धरूनच उंबऱ्याच्या आत पाय टाकतात आणि विचारतात, "घरात मोठं कोण आहे?"

पाच मिनिटांनी त्या स्वयंपाकघरात असतात. बरण्यांत काय आहे, चिंच कुठून आणली, सून कुठल्या गावची, सगळी चौकशी होते. मग "येते हं" म्हणून बाहेर पडतात आणि पुढच्या दारापर्यंत त्यांना पुन्हा तहान लागते.

मी मूळची मिरजेची. बँकेने बदली करून मला कुंभकोणमला पाठवलं. तमिळचा एक शब्द येत नव्हता. कुणीतरी सांगितलं, महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत एक मराठी बाई वरचा मजला भाड्याने देतात. मी हरखून गेले. दार उघडलं ते एका काटकुळ्या, नऊवारीतल्या, कानात हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, "यावें. कोठून येणं जाहलं?"

मला वाटलं, आत नाटकाची तालीम चालू आहे.

तालीम नव्हती. अक्कांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी त्या वेळी जिथे होती तिथेच राहिली. वर तमिळचा हात फिरला, एवढंच. पहिल्याच संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "उदईक नळास पाणी येणार नाहीं." मी हसून मान डोलावली. उदईक म्हणजे उद्या, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला साबण लावल्यावर कळलं.

त्यांना माझी मराठी आवडत नसे. "फार घाईची गे तुझी मराठी. शब्दांची शेपटं कापून बोलतेस." मी सुरुवातीला त्यांना मावशी म्हणाले, तेही खपलं नाही. "मावशी कोठली? मी तुझ्या आईची बहीण की? अक्का म्हण." तेव्हा त्यांना एकाहत्तरावं चालू होतं.

गल्लीत त्यांना टेलिफोन मामी म्हणत. अक्का तेवीस वर्षं कुंभकोणमच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावी फोन करायचा तर आधी नंबर लावून वाट बघावी लागे आणि ऑपरेटर बाई हाताने दोन गावं तीन-तीन मिनिटांसाठी जोडून देत, त्या काळातल्या. पुढे आपोआप लागणारे फोन आले, हाताचं काम संपलं आणि अक्कांना ऑफिसात दुसऱ्या टेबलावर बसवलं. पण भाषा एक्स्चेंजचीच राहिली. दूधवाल्याला त्या "होल्ड करा" म्हणत. कुणी लांबण लावली की घड्याळाकडे बघून विचारत, "तीन मिनिटं जाहलीं. वाढवायचं की?" हे त्यांनी आमच्या बँकेच्या मॅनेजरांना विचारलं आहे आणि सत्यनारायणाची कथा सांगणाऱ्या गुरुजींनाही विचारलं आहे. गुरुजींनी वाढवलं नाही.

लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. "लाइन एंगेज होती," एवढंच उत्तर मिळालं.

अशा बाईंकडे मोबाइल मात्र बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवलेला. चेन्नईच्या भावाने घेऊन दिला होता. मी म्हटलं, "अक्का, चालू ठेवा. कुणाचा आला तर?"

"मजला कोण लावणार गे?" त्या हसून म्हणाल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसले.

तर अशा या अक्का महिन्यातून दोन-तीनदा, पहाटेचं आवरून, एकट्या समुद्रकाठच्या जुन्या गावांना जात. खांद्याला पिशवी, पिशवीत दहीभात, काखेत छत्री. भावाने एकदा त्यांच्यासाठी सहल ठरवली होती. बसभर म्हातारी माणसं, पुढे झेंडा घेतलेला एक मनुष्य. अक्कांनी नकार कळवला. "मी कोणाच्या झेंड्यामागें चालणार नाहीं. मजला पाहायचं तें मी पाहीन." गल्लीचं मत असं होतं की मामींचं डोकं थोडं हललं आहे. आपल्या गावात इतकी देवळं असताना बाई उन्हातान्हात वाळूत कशाला जाते? गुडघे धरले होते. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं. अक्कांचं म्हणणं, "बसला दोनच पायऱ्या असतात."

बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. मला एकटीला कंटाळा येई. मी मागे लागले, मलाही न्या. अक्का तयार नव्हत्या. दोघी गेल्या की माणूस गाव पाहत नाही, एकमेकींनाच पाहत बसतो, असं त्यांचं मत. शेवटी एका अटीवर न्यायचं ठरलं. मध्ये बोलायचं नाही.

पहिली वारी तरंगंबाडीची. समुद्राला लागून जुन्या डॅनिश लोकांचा पिवळसर किल्ला, समोर वाळू, त्यापलीकडे लाटा. मी तोंडाचा आ वासून उभी. अक्कांनी छत्रीच्या सावलीतून किल्ल्याकडे एकदा पाहिलं. "पाहिलं. दगड आहेत. चल." आणि त्या गल्लीकडे वळल्या. त्या दिवशी आम्ही किल्ल्यात पाऊण तास आणि लोकांच्या घरांत पाच तास होतो. पाऊण तासही मी एकटीच गेले म्हणून.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली. घरातली तरुण माणसं बोलत तेव्हा अक्का बरण्या पाहत. एखादी म्हातारी बोलायला लागली की त्या डोळे मिटून घेत. बाई दोन-चार वाक्यं बोलली की डोळे उघडत आणि निघायची घाई सुरू होई. मला वाटलं, ऊन लागत असेल.

कारैक्कालला तर मोठाच घोळ झाला. एका घरी आम्ही पाणी मागितलं, तर घरातली बाई एकदम "या, या" करत हात धरून आत घेऊन गेली. चटई अंथरलेली होती. बशीत केसरी शिरा आला, गरम भजी आली. मी अक्कांकडे पाहिलं, अक्का भज्यांकडे पाहत होत्या. इतक्यात मोगऱ्याचा गजरा माळलेली, रेशमी साडीतली एक मुलगी खाली मान घालून समोर येऊन बसली. त्या घरी त्या दिवशी मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते आणि ते आम्हीच, असा त्यांचा समज झाला होता! मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. अक्कांनी शांतपणे दुसरं भजं संपवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "मुलगी छान आहे. घरात आजी आहे का? आजी दाखवा."

आजीला आणलं. आजी बोलल्या. अक्कांनी डोळे मिटले, उघडले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर खरे पाहुणे रिक्षातून उतरत होते. मी अक्कांना अक्षरशः ओढत बस स्टँडवर नेलं.

असं पाच-सहा महिने चाललं. मग एका गावात, त्याचं नाव सांगत नाही, प्रकरण अंगाशी आलं. आम्ही एका घरातून बाहेर पडत होतो, तेवढ्यात घरमालक आला. दोन अनोळखी बायका घरभर फिरून बरण्या उघडून बघतात, म्हातारीची विचारपूस करतात, हे ऐकून तो भडकला. दुपारी घरं हेरून जाणाऱ्या टोळीबद्दल त्याने काहीतरी ऐकलं होतं. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. "कोण तुम्ही? इथे कोण आहे तुमचं?" अक्का काहीच बोलेनात. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये बँक, कुंभकोणम, ऑफिसर असं ओरडत राहिले, ओळखपत्र हातोहाती फिरलं. एका वयस्कर माणसाने मध्ये पडून आम्हाला सोडवलं आणि बसपर्यंत आणून पोचवलं. मी तीस वर्षांची, नोकरीतली, शिकलेली बाई. आणि मला चोर समजून घेरलं होतं.

स्टँडच्या बाकावर बसल्यावर मी फुटले. "झालं तुमचं? मी आता येणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. लोकांच्या घरात घुसायचं हे काय वेड आहे, अक्का? तो माणूस विचारत होता, इथे तुमचं कोण आहे. तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही!"

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "काय सांगूं त्यांस? मजलाच ठाऊक नाहीं, आहे की नाहीं तें."

आणि मग त्यांनी सांगितलं. तीन मिनिटांहून कितीतरी जास्त.

एक्स्चेंजमध्ये कुंभकोणमची एक लाइन नागपट्टिणमला जोडलेली होती. पलीकडे एक ऑपरेटर होती. आपसांत बोलायला मनाई, नावं सांगायला तर मुळीच नाही. सुपरवायझर कधीही मध्येच ऐके. म्हणून ती यांना "कुंभकोणम्" म्हणे आणि या तिला "नागै" म्हणत, नागपट्टिणमचं लाडाचं नाव. दुपारी दोन ते चार फोन कमी असत. तेवढ्या वेळात दोघी दोन-दोन वाक्यांनी बोलत. आज रसम बिघडलं. आज साडी नवी आहे. आज सुपरवायझरला शिंका येताहेत, बोलून घे. अशी एकोणीस वर्षं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही.

"माझी आई गेली," अक्का म्हणाल्या, "तेव्हां मी बाराव्या दिवशीं कामावर गेलें. कोणास सांगितलें नव्हतें. मी नुसतं 'हॅलो नागै' म्हटलें. तिने पुसलं, कोण गेलं? मजला बोलवेना. तिने कांहीं म्हटलं नाहीं. लाइन उघडी धरून बसली. तिकडे ती, इकडे मी. पंधरा मिनिटं. तेवढ्यासाठीं तिला मेमो मिळाला."

मग हाताचं काम बंद व्हायचा दिवस आला. शेवटच्या दुपारी नागै म्हणाली, मी नोकरी सोडतेय, आईच्या गावी जाऊन राहणार. तू ये. घरातून समुद्र ऐकू येतो. आणि तिने गावाचं नाव सांगितलं.

"मग?"

"खरखर होती गे लाइनवर. 'पट्टिणम्' येवढंच ऐकूं आलं. पुन्हां पुसेपर्यंत लाइन गेली. ती गेली ती गेलीच."

मी डोक्याला हात लावला. या किनाऱ्यावर पट्टिणम् म्हणजे बंदराचं गाव. अदिरामपट्टिणम्, मल्लिपट्टिणम्, कोट्टैपट्टिणम्, जगदापट्टिणम्, अम्मापट्टिणम्. दर दोन खाड्यांमागे एक पट्टिणम् आहे!

"आणि तरंगंबाडी? कारैक्काल?"

"खरखरींत मी चुकीचंही ऐकलें असेन. म्हणून मधलींही पाहतें."

"ऑफिसात विचारायचं होतं, अक्का."

"काय पुसूं? नागै कोठें राहते म्हणून? नाव ठाऊक नाहीं, रूप ठाऊक नाहीं. आवाज तेवढा ठाऊक आहे. तो कागदावर कसा लिहायचा?" त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "आवाजास सुरकुत्या पडतात गे, पण वळण बदलत नाहीं. मी ओळखीन. फक्त बोललं पाहिजे कोणीतरी. पाणी मागितलं कीं माणूस बोलतो."

बस आली. मी त्यांची पिशवी घेतली. उतरताना मी विचारलं, "आता कुठलं राहिलंय?"

पुढच्या चौथ्या शनिवारी आम्ही मल्लिपट्टिणमला निघालो. मन्नारगुडी, पट्टुक्कोट्टै असं बदलत बदलत. तिथे जवळच समुद्राकाठी मराठ्यांनी बांधलेला एक उंच मनोरा आहे. आपल्या लोकांनी इतक्या लांब येऊन काहीतरी बांधलंय, हे पाहून मला भरून आलं. मी म्हटलं, दहा मिनिटं तरी थांबू. अक्का म्हणाल्या, "तो उभाच आहे. माणसं उभीं राहात नाहींत." आम्ही थांबलो नाही. त्यांचा उजवा गुडघा सुजला होता आणि त्या माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होत्या. मी मनात ठरवलं होतं की हे शेवटचं. घरी जाऊन त्यांना नीट समजावायचं.

पहिल्या गल्लीत सात घरं झाली. सात वेळा अक्कांनी डोळे मिटले आणि उघडले. दुसऱ्या गल्लीच्या टोकाला एक कौलारू घर होतं, कुंपणावर जाळी वाळत टाकलेली. ओट्यावर माझ्याच वयाची एक बाई विळीवर शेवग्याच्या शेंगा चिरत बसली होती. अक्कांनी फाटकाला हात लावला आणि नेहमीचं म्हटलं, "अम्मा, थोडं पाणी मिळेल का?"

बाई विळी आडवी करून उठली. ती दारापर्यंत पोचायच्या आत मागच्या खोलीतून एक बारीक, चिरकलेला आवाज आला.

"कुंभकोणम्?"

अक्कांचा हात फाटकावरच राहिला. या खेपेस त्यांनी डोळे मिटले नाहीत. उलट इतके मोठे केले की मी घाबरले.

"कुंभकोणम्, लाइनवर आहेस का?"

"आहे," अक्का म्हणाल्या. मग घसा खाकरून पुन्हा, मोठ्याने, "आहे, नागै."

आत खाटेवर मूठभर म्हातारी होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती उठत नाही, असं तिच्या सुनेने मला घाईघाईने सांगितलं. अक्का समोरच्या स्टुलावर बसल्या. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"मला वाटलं, तू जाडी असशील," नागै म्हणाली.

"मला वाटलं, तू उंच," अक्का म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "तुझं नाव काय?"

"ज्ञानसुंदरी. तुझं?"

"अंबुजा."

"हं," ज्ञानसुंदरी म्हणाली.

आणि बोलणं संपलं. मी आणि सून भिंतीला टेकून उभ्या. ज्या बाईने अर्ध्या किनाऱ्यावरच्या बरण्यांची चौकशी केली, ती मांडीवर हात ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलीसारखी बसून होती. खाटेवरची म्हातारी छताकडे बघत होती. मध्येच अक्कांनी "ऊन फार आहे" म्हटलं. ज्ञानसुंदरीने "हो, ऊन आहे" म्हटलं. सुनेने कॉफी आणली. दोघींनी ती मुकाट्याने प्यायली. इतकी वर्षं शोधून हेच पदरात पडायचं होतं का?

एकदम ज्ञानसुंदरी म्हणाली, "तू बाहेर जा."

सुनेने कपाळावर हात मारला. "अत्तै, असं काय!"

"जाऊ दे तिला बाहेर. त्या पलीकडच्या खोलीत बस म्हणावं. ही कोण बाई समोर बसलीय, मला ठाऊक नाही. हिच्याशी मला बोलता येत नाही."

मला वाटलं, अक्का दुखावतील. पण अक्कांचा चेहरा असा सुटला, जशी गाठ सुटावी. त्या गुडघा धरत उठल्या, पलीकडच्या खोलीत गेल्या, तिथे जमिनीवर पाय लांब करून बसल्या आणि मधल्या भिंतीला पाठ टेकली. भिंतीच्या अलीकडे खाट होती, पलीकडे अक्का.

"हं," ज्ञानसुंदरी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आता सांग. तुझा तो भाऊ शहाणा झाला का?"

"कसला होतोय!" अक्का म्हणाल्या आणि सुरू झाल्या.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. सून माझ्याशेजारी उरलेल्या शेंगा चिरायला बसली. "या कोण आहेत?" तिने हळूच विचारलं. मैत्रीण म्हणावं तर एकमेकींचं नाव दोघींना दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं.

"एकत्र काम करत होत्या," मी म्हटलं.

"आमच्या अत्तै दिवसातून चार शब्द बोलत नाहीत," ती म्हणाली. विळी थांबवून ती ऐकत राहिली. आत दोन म्हाताऱ्या एकाच वेळी बोलत होत्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. मग एकदम कशावरून तरी दोघी हसायला लागल्या. अक्कांना मी रोज हसताना पाहायची, पण हे हसू मी कधी ऐकलं नव्हतं. ते वीस-बावीस वर्षांच्या मुलीचं होतं.

चारची बस परतीची शेवटची सोयीची बस. कोपऱ्यावर येऊन तिने दोनदा हॉर्न दिला. सून माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्यासमोरच्या शेंगांतली अर्धी जुडी उचलून सोलायला घेतली.